शिकतोय अजून

व्हय व्हय, हौशीराम माझ्याच हाताखाली व्हता, बरोबर घरी आलात तुमी — पन आधी बसा तरी. त्या फळीवर नको, तिला खिळं हायेत, लेंगा फाटंल, मंग चौकशी राहील बाजूला आन घरी जाऊन बोलणी खाल. हितं बसा, स्टुलावर. आत चिमाबाईनं चहा ठेवलाय, माझ्या मंडळींनी, तुमी नको म्हणला तरी ती आणणारच, तवा नको म्हणूच नका. — चौकशीच ना? न्हाई, तुमी तोंडानं बोलला न्हाईत, पन कळतं की राव. खोडदचा माणूस मंचरला येतो, आज बाजार न्हाई, हातात पिशवी न्हाई, आन सुताराच्या दुकानात येऊन दाराचा भाव सोडून पोराचं नाव इचारतो, म्हंजी घरात लग्नाची लेक. बरोबर? — बराय. चांगलं करता, इचारून दिलेली बरी. तुमच्या गावात त्या दुर्बिणीच्या एवढाल्या छत्र्या उभ्या केल्यात, आभाळातलं ऐकू येतंय म्हणं त्यांना, पन जावई कसा हाय ते काय त्यांना ऐकू येत न्हाई, त्याला बापालाच चपला झिजवाव्या लागतात. इचारा, काय बी इचारा.

दारू? न्हाई. कधीच न्हाई. तंबाखू — आता खोटं कशाला सांगू, माझ्याकडं आल्यावर दोनेक वर्सं मळायचा, चुना मीच द्यायचो, मंग त्याची आय अंजना हितं येऊन मला लई बोलली, आन त्यानं सोडली. मी न्हाई सोडली. राग? राग येत न्हाई त्याला. मी तर म्हणतो यायला पायजे व्हता. — पगार? आत्ताचा का तवाचा? न्हाई, तवाचा सांगतो आधी, मंग तुमाला आत्ताचा कळंल. महाळुंग्यास्नं आला तवा चौदा वर्साचा, नव्वद साली, बाप साप चावून गेलेला, रान म्हंजी बांधालाच जास्त जागा. आयनं आणून उभा केला, आबा, ह्याच्या हातात काय तरी घाला म्हणली. मी म्हणलं, घालतो. पहिल्या वर्साला पगार नसतो पावणं, आमच्यात तशी रीतच न्हाई. दुपारची भाकरी, दोनदा चहा, दिवाळीला कापडं. मी बी तसाच शिकलो, माझा वस्ताद तर चहा बी देत नव्हता, वर फुटपट्टीनं हाणायचा. दुसऱ्या वर्सापासनं पाच रुपये रोज. मंग दहा. मंग वीस, तवा चिमाबाई म्हणली तीस द्या, मी म्हणलं गप, डोक्यावर बसंल. लई द्यायचं नसतं, हाताखालच्याला लई दिलं की हात थांबतो. असं म्हणतात. मी म्हणायचो.

आन शेवटाला पंचावन्न. — न्हाई, दिवसाला पंचावन्न, तासाला कशाला असतील, मस्करी करता व्हय. नव्व्याण्णव साली. तवा मिस्त्री दीडशे घ्यायचा, मंचरात, नारायणगावात, कुठं बी जावा, दीडशेच्या खाली मिस्त्री पेन्सिल कानाला लावीत नव्हता. आता तुमी म्हणाल नऊ वर्सं झाल्यावर पंचावन्न कसं. तुमी म्हणला न्हाईत, पन तुमच्या तोंडावर दिसतंय. सांगतो ना. त्याला कारण हाय. आमच्या धंद्यात दोनच माणसं असतात, एक मिस्त्री आन एक हाताखालचा. मधी कायच न्हाई. मधी दोरीएवढी बी जागा न्हाई. मिस्त्री आखतो, हाताखालचा कापतो. मिस्त्र्याला पुरा रोज, हाताखालच्याला मिस्त्री देईल तो. मंग हाताखालचा मिस्त्री कधी व्हतो? कागद मिळतो का, शिक्का मारून? न्हाई. ते आयटीआयवाल्यांचं, त्यांना सर्टिफिकेट असतं, आन त्यांना साधी चौकट बी काटकोनात बसवता येत न्हाई — असू दे, त्यांची निंदा नको. आमच्यात खंडेनवमी असती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळी अवजारं धुवायची, पाटावर मांडायची, रंधा, पटाशी, करवत, झेंडूची फुलं, हळदकुंकू. ती समदी मिस्त्र्याची. हाताखालच्याचं पाटावर काय नसतं, कारण त्याला सोताचं अवजारच नसतं. मंग एका वर्साला वस्ताद म्हणतो, ठेव रं तुझं. की त्यानं सोताचा गुण्या ठेवायचा पाटावर. गुण्या म्हंजी हा बघा, हा, काटकोन बघायचा. ह्याच्याबिगर रेघ मारता येत न्हाई. वस्ताद त्याच्यावर हळदकुंकू वाहतो आन चार माणसांत म्हणतो, आजपास्नं हा मिस्त्री. झालं. दुसऱ्या दिवसापासनं पुरा रोज. गावात कुणी इचारलं तर लोक वस्तादालाच इचारतात, ठेवला का रं त्याचा गुण्या? ठेवला म्हणला की त्याला काम बी मिळतं आन बायको बी मिळती.

त्याचा? — त्याचा न्हाई ठेवला.

चहा घ्या. आलं जास्त पडलंय वाटतं. — सांगतो, घाई कशाला, तुमची गाडी अजून तासाभरानं हाय. पोरगा कामाला कसा व्हता ते तुमी इचारलंच न्हाईत. लोक पगार इचारतात, काम कुणी इचारीत न्हाई. सागाच्या फळीवर नुसता हात फिरवून सांगायचा, आबा, ही हिकडून उन्हाळ्यात पिळंल. आन पिळायची. आम्हाला कळतं ते वीस वर्सांनी, त्याला चौथ्या वर्साला कळलं. दोन लाकडं एकात एक बसवली ना, की खिळ्याची गरज नव्हती, सरस बी नुसता नावाला. मी चिमाबाईला म्हणायचो, हे पोरगं माझ्या पुढं जाईल. अभिमानानं म्हणायचो बरं का. तवा मला अभिमानच वाटायचा. मंग माझ्या डोळ्याला मोतीबिंदू झाला.

हे मी कुणाला सांगत न्हाई. आता ऑपरेशन झालंय, आता सांगितलं तरी काय बिघडत न्हाई, पन तवा कुणालाच ठावं नव्हतं. शहाण्णव सालापासनं. आधी वाटलं धूळ गेली. मंग पेन्सिलीची रेघ दिसंना. समोरचा माणूस दिसायचा, लाकूड दिसायचं, पन रेघ न्हाई. आन मिस्त्र्याला रेघ दिसंना म्हंजी — तुमीच सांगा, कुणी काम दिलं असतं का? डोळ्याला हात लावून घ्यायचं मला भ्या वाटायचं, आमच्या चुलत्याचा डोळा ऑपरेशननंच गेला व्हता. हौशीरामाला कधी कळलं कुणास ठावं. मी त्याला सांगितलं न्हाई, त्यानं मला इचारलं न्हाई. एक दिवस मी फळीवर वाकून नुसता उभा, पेन्सिल हातात, आन कुठं टेकवावी ते समजंना, तर हा आला, म्हणला, आबा, तुमी चहा घ्या, मी आखून ठेवतो, तुमी बघून घ्या. बघून घ्या म्हणला. मी बघितलं. मला काय दिसलं न्हाई, पन मी म्हणलं, ठीक हाय.

तीन वर्सं. तीन वर्सं आखणी त्याची, मोजमाप त्याचं, कापायचं बी त्यानंच, आन मी कानाला पेन्सिल लावून दुकानात उभा. गिऱ्हाईक आलं की हा काय करायचा, हातातला गुण्या माझ्या हातात द्यायचा आन दोन पावलं मागं सरायचा. झाडू घ्यायचा हातात. म्हंजी येणाऱ्याला वाटावं आबा आखतायत आन पोरगं भुसा लोटतंय. ह्याला काय म्हणता पावणं? पोटच्या पोरानं असं केलं नसतं. पोटचं पोरगं म्हणलं असतं, बापाला दिसत न्हाई, दुकान माझ्या नावावर करा. तर असं. मिस्त्री तो व्हता. हाताखालचा मी व्हतो. दीडशे मी घ्यायचो, पंचावन्न त्याला द्यायचो, आन दर खंडेनवमीला म्हणायचो, पुढच्या सालाला बघू. कारण सोपं हाय, तुमी शेतकरी माणूस, तुमाला कळंल. दावं सोडलं असतं तर गेला असता.

आत ऐकू गेलं तरी चालंल, बोला तुमी. चिमाबाईला समदं ठावं हाय. ती सात वर्सं झाली मला त्याच्या नावानं एक शब्द बोलली न्हाई. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मोडलेलं? कुणी सांगितलं तुमाला, की आधी एक जमत आलेलं मोडलं म्हणून? — त्यानंच? सोता? असं. लपवून ठेवायला पायजे व्हतं, पोरानं लपवून ठेवायला पायजे व्हतं. तुमाला वाटलं असंल पोरीकडनं काय तरी, न्हाईतर पोराचंच काय तरी लफडं. कायच न्हाई. पारगावची पोरगी व्हती, बाप सावळेराम, चार एकर ऊस, साधी माणसं. पोरीनं याला बघितलं व्हतं, यानं पोरीला. पसंती झालेली. कधी न्हाई ते गडी हितं काम करताना शीळ घालायला लागला, मी म्हणलं रंध्याला तेल घाल, शीळ वाजवू नको, तर हसला. वैशाखातली गोष्ट. अंजना आली माझ्याकडं, ऊस खुरपून हातावर ह्या एवढाल्या चिरा, हितंच उभी राहिली, आत बी आली न्हाई. म्हणली, आबा, सावळेरामपावणं तुमच्याकडं इचारायला येतील. एवढं सांगा, मिस्त्री हाय म्हणून. त्यांना पोरगी मिस्त्र्याला द्यायचीय, बिगाऱ्याला न्हाई. तेवढा एक शब्द सांगा, बाकी मी बघते. मी म्हणलं, जा गं, सांगतो. त्यात काय एवढं.

आन खरंच सांगणार व्हतो. देवाशप्पथ. पन त्याच्या आदल्या दिवशी काय झालं, पुखराजशेठ आले. ते कापडवाले, पेठेतले — त्यांच्या नव्या बंगल्याचं काम व्हतं माझ्याकडं, अकरा दारं, अठरा खिडक्या, मोठं काम, तसं काम परत आलं न्हाई. शेठ मागल्या दारानं आले. हौशीरामाला कळलं न्हाई, तो आपला वाकून आखतोय, गुण्या त्याच्या हातात, आन मी तिकडं खुर्चीत. शेठ माणूस चांगला, थट्टेखोर. बघितलं, हसले, म्हणले, काय कुशाबा, मालक तू का तो? बास. एवढंच. बरोबर दोन माणसं व्हती, ती बी हसली. मी बी हसलो. हौशीराम हसला न्हाई, त्यानं पटकन गुण्या माझ्या हातात दिला आन झाडू घेतला. आन त्या झाडू घेण्याचाच मला राग आला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी म्हणलं असतं पोरगं गुणाचं हाय. त्या दिवशी मला वाटलं, ह्यो माझ्यावर उपकार करतोय. माझ्याच दुकानात.

दुसऱ्या दिवशी सावळेराम आला. तुमी बसलाय तिथंच बसला व्हता. म्हणला, कुशाबा मिस्त्री, तुमचा हौशीराम कसा काय, मिस्त्री झाला का? आन मी — मी म्हणलं, हौशीराम? शिकतोय अजून.

आता बघा. लोकांना मी काय सांगत आलो सात वर्सं, की मी चांगल्या अर्थानं म्हणलो. आमच्यात म्हणतात की तसं. सत्तर वर्साचा म्हातारा कारागीर असतो, त्याला इचारलं तर तो म्हणतो, शिकतोय अजून. त्यात मोठेपणा असतो. लाकूड कुणाला पुरतं कळलंय? मरंपर्यंत शिकायचं असतं. मी त्या अर्थानं बोललो, सावळेरामाला भाषा कळली न्हाई, त्याचा दोष. असं मी अंजनाला सांगितलं, चिमाबाईला सांगितलं, मंचरात सांगितलं. तुमाला बी तेच सांगणार व्हतो, तुमी आलात तवा मनात तेच घोळत व्हतं. पन ते खोटं हाय. मी त्या अर्थानं न्हाई बोललो. मला ठावं व्हतं सावळेराम काय समजंल. मला त्यानं तेच समजायला पायजे व्हतं. मी बोललो आन त्याच्या तोंडाकडं बघितलं, तोंड पडलेलं मला दिसलं — रेघ दिसत नव्हती, पन ते दिसलं. आन मला बरं वाटलं पावणं. अर्धा मिनिट असंल. पन बरं वाटलं.

हौशीराम तवा मागं लाकडाला रंधा मारीत व्हता. रंधा थांबला. मंग परत सुरू झाला.

काय म्हणाला? उद्याच्या फळ्या काढून ठेवू का म्हणला. तेच तर. सोयरीक मोडली, पारगावची पोरगी त्याच ज्येष्ठात मंचरच्या एका मिस्त्र्याला दिली — त्या मिस्त्र्याला मी वळखतो, त्याच्या दाराच्या फटीतनं मांजर जाईल. हौशीराम दुसऱ्या दिवशी साडेआठला कामाला. रोजच्यागत. अंजना आली आठ दिवसांनी. मला वाटलं शिव्या देईल, मी तयार व्हतो, तोंड बी धुतलं न्हाई सकाळपासनं. तिनं पदराखालनं भुईमुगाच्या शेंगा काढल्या, चिमाबाईला दिल्या, नेहमी आणायची तशा. आन जाताना मला म्हणली, आबा, नऊ वर्सं झाली. एवढंच म्हणली आन गेली.

त्यानं शेठचं काम पुरं केलं. अकरा दारं, अठरा खिडक्या. मधीच सोडून गेला असता तर मी मेलो असतो, शेठनं मला दारात उभं केलं नसतं, ते त्याला चांगलं ठावं व्हतं. गणपतीच्या आत शेवटची खिडकी बसवली. भुसा लोटला, करवतीला तेल लावलं, किल्ली खुंटीला अडकवली, आबा, येतो म्हणला. रोज म्हणायचा तसंच म्हणला. मी म्हणलं, ये. आन दुसऱ्या दिवशी आला न्हाई. मला वाटलं ताप आला असंल. आठ दिवस वाटलं. मंग खंडेनवमी आली, अवजारं मीच धुतली, दिसत नव्हतं, पटाशीनं बोट कापलं, हे बघा अजून खूण हाय. चिमाबाई पाट मांडत व्हती. मला म्हणली — हेच तिचं शेवटचं, त्याच्या नावानं — म्हणली, तीन वर्सं ते लेकरू ह्या दिवशी पिशवीत गुण्या घेऊन यायचं, नवा, पितळी पट्टीचा, भाकरीच्या फडक्याखाली ठेवलेला. मी बघितला व्हता. तुमी ठेव म्हणाल म्हणून वाट बघायचं आन संध्याकाळी परत न्यायचं. — पंचावन्न रुपयांतनं घेतलेला. आन तिनं बी मला कधी सांगितलं न्हाई, कारण तिला वाटलं, मला ठावं हाय आन म्हणूनच मी ठेव म्हणत न्हाई.

थांबा जरा. चष्म्याला भुसा लागतो.

आता चाकणला हाय, ते तुमाला ठावं असंल. कंपनी म्हणतो का? कंपनी न्हाई, कंपनीच्या दाराबाहेर ठेकेदार. मोटारीचं सामान परदेशात जातं, त्याला लाकडाचं खोकं लागतं. चार फळ्या, सोळा खिळं, ठोक, पुढचं. चार फळ्या, सोळा खिळं. दीडशे रुपये रोज, रविवारी खाडा. गावातली पोरं सांगतात, त्यातलं एक माझ्याकडं मुद्दाम येऊन सांगून जातं, मी इचारीत न्हाई तरी सांगतं. ठेकेदारानं पहिल्या दिवशी इचारलं, काय काम येतं, मिस्त्री का हेल्पर? तर म्हणला, हेल्पर. नारायणगावात दोघं जण त्याला अडीचशे देऊन न्यायला तयार व्हते, गेला न्हाई, म्हणला मी मिस्त्री न्हाई. का? तर माझ्यावर राग धरून न्हाई. मी इचार केलाय ह्याच्यावर, मला दुसरं काम काय हाय. राग धरून असतं तर मोठा मिस्त्री झाला असता आन माझ्या समोरच दुकान टाकलं असतं. पोरानं माझा शब्द खरा धरला. वस्ताद म्हणला शिकतोय, म्हंजी शिकतोयच. मी खोटं बोलतोय हे त्याच्या डोक्यातच आलं न्हाई.

आन अंजना गेली, दोन हजार तीन सालाच्या थंडीत. दहाव्याला मी गेलो, महाळुंग्याला, मागं उभा राहिलो, बायकांच्या बी मागं. पिंड ठेवला. कावळा येऊन बसला समोरच्या बाभळीवर, खाली येईना. भाऊ म्हणला, रान सांभाळतो. न्हाई. बहीण म्हणली, हौश्याला जेवायला घालते. न्हाई. कुणी तरी म्हणलं, पोराचं लगीन लावतो, बायो, काळजी करू नको. तर कावळा एक फांदी खाली आला आन परत वर गेला. समद्यांनी बघितलं. लोक म्हणले, अजून काय राहिलंय हिचं? मला ठावं व्हतं काय राहिलंय. माझ्या तोंडात व्हतं. चार माणसांत, पोराच्या देखत, मी नुसतं म्हणायचं व्हतं, अंजना, तुझा पोरगा मिस्त्री हाय, मी खोटं बोललो. दोन पावलं पुढं जायचं व्हतं. हौशीराम डोकं भादरून पिंडापाशी उभा, मागं वळून वळून बघतोय — त्याला मी दिसलो व्हतो, एवढं नक्की. दीड तास झाला. ऊन तापलं. शेवटी भटजी म्हणले, किती थांबायचं, दर्भाचा कावळा केला आन शिववला. मी एस.टी.नं परत आलो.

म्हणून म्हणतो, तुमी ज्या माणसाकडं चौकशीला आलाय ना, त्या माणसाचा शब्द किती घ्यायचा ते आधी ठरवा. — पुढं काय? आता आलात मुद्द्यावर. ह्या धंद्यात पुढं कायच न्हाई, खरं सांगतो. दारं तयार येतात, खिडक्या ॲल्युमिनियमच्या, फर्निचर म्हंजी भुश्याच्या फळ्या. माझ्याकडं आता महिन्याला दोन चौकटी आन आठवड्याला एक लाटणं. ते जाऊ द्या. पन तुमाला पोरगा बघायचाय ना, तर एक करा. हितनं सरळ जावा, पेठेत पुखराजशेठचा बंगला, कुणी बी दाखवील. पुढल्या दाराला हात लावा. नुसता हात लावा, एका बोटानं ढकला. सात पावसाळे झाले, ते दार फुगलं न्हाई, पिळलं न्हाई, करकरलं न्हाई. लोक मला म्हणतात, कुशाबा, तुझ्या हातचं ते शेवटचं चांगलं काम. मी ऐकून घेतो. त्यातली एक रेघ माझी न्हाई. ते दार ज्यानं केलं त्याला लेक द्या, डोळे झाकून द्या, त्याच्या घरात तुमच्या लेकीला मोठ्यानं बोलल्याचा आवाज यायचा न्हाई. मिस्त्री हाय तो. मिस्त्री हाय, मिस्त्री हाय — झालं का? लिहून देऊ?

उठला का? — आन काय? काय म्हणता?

न्हाई, परत सांगा. मला नीट कळलं न्हाई.

तो म्हणला? सोताच्या तोंडानं? वडील न्हाईत, आय न्हाई, इचारायचं तर मंचरच्या आबांना इचारा, असं? — आन ते काय सांगतील ते मला मान्य? असं म्हणला? आन तुमी हे आत्ता सांगताय, समदं ऐकून झाल्यावर. आधी सांगायचं की राव. आधी सांगितलं असतं तर मी — न्हाई, काय न्हाई.

सुपारी फोडायला? मी? गुरुवारी? त्याच्या बाजूनं, बापाच्या जागी? पावणं, मी जातीचा सुतार, तुमी शेतकरी माणसं, तुमच्या सोयरिकीत मांडीला मांडी लावून मी कशाला, लोक काय म्हणतील. त्याचा मामा हाय, चुलता हाय. — त्यालाच पायजे? त्यालाच पायजे म्हणतो?

न्हाई. न्हाई जमायचं. त्याला सांगा, आबांना दिसत न्हाई. दिसत न्हाई, हिंडवत न्हाई, प्रवास झेपत न्हाई म्हणावं — न्हाई, थांबा. तसं नका सांगू. ऑपरेशन झालंय, चांगलं दिसतंय मला, तुमच्या शर्टाचं तुटलेलं बटण हितनं दिसतंय. परत त्याला माझं खोटं नको. नुसतं सांगा, मिस्त्री हाय असं आबा म्हणले, आन ते येत न्हाईत. का ते सांगू नका. त्याला कळंल. न्हाई कळलं तर न्हाई कळू द्या, त्याला कधी काय कळलंय माझं.

बोलू नका आता काय. जावा. नारायणगावची गाडी येईल. — चिमे, पावणं निघालं गं! बाहेर नको येऊ! — आन जाताना तेवढं दार वढून घ्या. जरा उचलून. खाली घासतंय ते.